गेटवरचं नाव

गेट नवीन आलंय, निळं, पालिकेचं.
वर पत्र्याची पाटी, चार फूट बाय एक.
झुबेर पेंटरनं तिला पांढरा हात मारलाय
आणि शिडीवर बसून तो विचारतो,
"कोच कोणता? एकच नाव मावेल.
लवकर सांगा, उजेड चाललाय."

सारसोळ्याच्या मैदानात आम्ही नऊ जण.
सगळ्यांचे गुडघे गेलेले,
सगळ्यांचे आवाज शाबूत.

तांडेल म्हणतो, ऑगस्टीन. संपला विषय.
केमिकल कंपनीतली रात्रपाळी उरकून थेट यायचा,
शर्टाला गंधकाचा वास,
बंधाऱ्यावरून पळवायचा, मिठागरं होती तेव्हा.
डावीकडे चिखल, उजवीकडे मीठ,
थांबला त्याला शिवी.
शिवी कोकणीत असायची, म्हणून लागायची नाही.
"ब्याण्णवचा कप आणला कोणी?"
"आणला, आणि घरी नेला," गजा मढवी म्हणतो,
"त्याची सून त्यात कांदे ठेवते."

गजाचा देव शशिधरन.
सिडकोत कारकून. इतकं हळू बोलायचा
की ऐकायला जवळ जावं लागायचं,
आणि जवळ जाता जाता
पोरं जवळ जवळ खेळायला लागली.
छोटे पास, त्रिकोण,
शेडच्या भिंतीवर खडूचे त्रिकोण,
पंपहाऊसवाला पुसायचा, हा परत काढायचा.
"तीन वर्षं घरच्या मैदानात हरलो नाय आपण!"
"जिंकलो पण नाय," तांडेल,
"सगळ्या बरोबरीत. बायका मासळी विकून यायच्या
तरी शून्य-शून्य."

मग कोणीतरी कुंडूचं नाव काढतं
आणि सगळे एकदम बोलतात.
एकच हंगाम होता तो माणूस.
जाताना सात बॉल नेले
आणि आमचा डावा विंगर नेला, ठाण्याच्या क्लबाकडे.
चोर, म्हणतो हिराजी.
चोरच, म्हणतात सगळे.
"पण वाशीला पाच मारले होते," हिराजीच म्हणतो.
पाच.
क्षणभर कोणी काही बोलत नाही.
झुबेरसुद्धा ब्रश खाली धरतो.

घरत मास्तरांचं नाव कोणी घेत नाही.
ओळीनं अकरा मॅच हरलेला माणूस,
कोण घेणार.
शिट्टीही स्वतःची नव्हती त्यांची, शाळेची होती,
सोमवारी परत द्यायची.

मी दुसरा गोलकीपर होतो.
दुसरा म्हणजे बाकावरचा.
सहा वर्षं माझे ग्लोव्हज
आईनं धुतले नाहीत, गरजच पडली नाही.
घरतांच्या शेवटच्या मॅचला, कोपरखैरण्यात,
चार खाऊन झाले होते, दहा मिनिटं होती.
मास्तर वळले, म्हणाले,
"जा रे. आता काय नुकसान व्हायचंय."

हा अपमान होता की विश्वास
हे मी अजून ठरवलेलं नाही.
पण एक अडवला.
हातानं नाही, नडगीनं,
आणि तिकडे बघतही नव्हतो मी खरं तर.
वहीत चार-शून्य लिहिलंय.
पाच नाही लिहिलेलं,
ते न लिहिलेलं माझं आहे.

"तू सांग रे," गजा मला म्हणतो,
"तू कधी बोलत नाहीस."
सगळे वळतात.
पामबीचवर दिवे लागत जातात, एकामागून एक.
मी तोंड उघडतो
आणि म्हणतो, शशिधरन.

गजा पाठीवर थाप मारतो.
तांडेल थुंकतो, म्हणतो, हा पण तसलाच.
पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं,
ऑगस्टीन, कांदे, त्रिकोण, पाच.

अंधार पडल्यावर झुबेर शिडी खांद्याला लावून निघाला.
ॲडव्हान्स घेतला होता, रंग उघडला होता,
माणूस इमानदार.
टॉर्च मारून आम्ही वाचलं.
ठसठशीत अक्षर, शिरोरेषा एकदम सरळ:
गेटसमोर गाड्या लावू नयेत.

खाली तांडेलची स्कूटर उभी होती.